पळसाच्या पानांचा महिपत

साहेब, तुम्ही एका आईला तिचा मुलगा जाळून यायला सांगितलंत. आवाज न चढवता सांगितलंत, पानाला चुना लावता लावता सांगितलंत, आणि वर "यात अवघड काय आहे?" असंही विचारलंत. अवघड काय होतं ते आता ऐकून घ्या. त्या दिवशी ऐकायला तुम्हाला सवड नव्हती.

ज्या बाईला तुम्ही इस्पितळातल्या आपल्या टेबलासमोर उभं ठेवलं होतंत तिचं नाव राही. रत्नागिरीच्या मांडवीची. वय एकोणतीस. नवरा महिपत गलबतावर खलाशी. लग्नाला तीन वर्षं होत होती तेव्हा तो मंगळुरी कौलं भरून आणायला गेला. गलबत मंगळूरहून सुटलं एवढं कळलं. ते ना रत्नागिरीला लागलं, ना दुसऱ्या कुठल्या बंदराला. एक फळी वाहून आली नाही. पुढच्या साली आफ्रिकेकडच्या जंगबारहून आलेला एक खलाशी सांगत सुटला की महिपतसारखा माणूस तिकडे लवंगांची पोती उचलताना पाहिला. महिपतच्या आईने, गंगुबाईने, त्यातलं 'सारखा' तेवढं ऐकलंच नाही. तिचा मुलगा जंगबारला पोती उचलत होता आणि एक दिवस यायचा होता, एवढं तिने धरून ठेवलं.

या किनाऱ्यावर दर्यावर्दी माणसाची बायको नवऱ्याला 'गेले' म्हणत नाही. कुणी विचारलं तर 'यायचे आहेत' म्हणते. वर्ष लोटलं तरी तेच, आठ वर्षं लोटली तरी तेच. ज्याचा ठावठिकाणा नाही त्याची बारा वर्षं वाट पाहायची, असा रिवाज. मग भटजीला बोलावून पळसाच्या पानांचा पुतळा करायचा, त्याला नारळाचं डोकं लावायचं, आणि प्रेत समजून तो जाळायचा. त्या दिवशी बायकोची काकणं फुटायची. तोवर ती सवाष्ण. राहीच्या कपाळावर म्हणून कुंकू होतं, आणि घरात दोन बायका, सासू नि सून, दिवसभर नारळाची सोडणं बडवून काथ्या काढत, सुंभ वळत आणि वखारीत देऊन येत.

आता तिला नर्स व्हायचं खूळ कुठून लागलं ते सांगतो, कारण तुम्ही तेही विचारलं नाहीत.

गंगुबाईला एक मुलगी होती, हौसा. पहिलटकरीण, म्हणून माहेरी आलेली. अडली. सुईणीने जाणत होती ते सगळं केलं आणि मग हात टेकले. "इस्पितळात न्या," म्हणाली. शिवा गाडीवान बैलगाडी जुंपून दारात आला. पण हौसाच्या सासरची माणसं उंबऱ्यात आडवी झाली. तिथला डॉक्टर पुरुष. परपुरुष हात लावणार? बाईमाणूस असेल तर बघू, म्हणाले. नर्स गावात एकच होती आणि ती चिपळूणला एका सावकाराच्या सुनेकडे गेलेली.

हौसाचं डोकं राहीच्या मांडीवर होतं.

"वैनी, तुझा हात गार हाय गो," ती म्हणाली. "काढू नको कपाळावरना."

राहीने काढला नाही. हौसाचा श्वास थांबला, ती निवली, तरी काढला नाही. गंगुबाईनेच शेवटी तो धरून बाजूला केला.

पुढे बरेच दिवस राही काथ्या बडवताना मध्येच थांबायची आणि आपल्या हाताकडे बघत बसायची. गार हात धरायला कुणालाही येतो. त्या हाताने आणखी काय करायचं असतं ते तिला येत नव्हतं, आणि ज्यांना येत होतं ते हात चिपळूणच्या सावकाराने गुंतवून टाकले होते. इस्पितळात नर्सेस तयार करणार आहेत, सहा इयत्ता झालेल्या बायका हव्यात, ही बातमी तिने वखारीत ऐकली. ती तशीच सुंभाची मोळी डोक्यावर घेऊन मुलींच्या शाळेच्या दारात जाऊन उभी राहिली.

शाळेच्या मालनबाई म्हणजे कडक काम. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"सुंभ नको आम्हांला."

"सुंभ इकायला नाय आले, बाई. शिकायला आले."

"किती इयत्ता झाल्यात?"

"तीन. दहा वर्षांची होते तेव्हा."

"आणि आता?"

"आता मोठी हाय," राही म्हणाली, आणि दोघीही हसल्या.

अशी ती चौथीत जाऊन बसली. बाकं मुलींच्या मापाची, राहीचे गुडघे वर यायचे, म्हणून ती खाली सारवणावर बसायची. पहिल्या दिवशी शेजारच्या पोरीने तिला दटावलं, "आईंनी आत बसायचं नाही, बाहेर थांबायचं." मधल्या सुट्टीत मुली तिला खेळात ओढायच्या, कारण फुगडीला ती जड पडायची आणि मजा यायची. परीक्षेत एका चिमुरडीने तिची पाटी बघून लिहिलं आणि दोघींचं तेच उत्तर चुकलं. मालनबाईंनी दोघींना एकाच ओळीत उभं केलं. पंचविशी उलटलेली बाई अंगठे धरून उभी राहिली, साहेब. तुमच्यापुढे ती ताठ उभी होती ना, ती ही शाळा शिकून आलेली होती.

घरी गंगुबाईने आधी तोंडसुख घेतलं.

"आज चौथी. उद्या पाळण्यात निजशील. मग मी बारशाला घुगऱ्या वाटते!"

"वाटा की, आये. मला पण द्या मूठभर."

"आगावपणा बघ!"

पण म्हातारीचा राग सुंभाच्या एका वेढ्यापलीकडे टिकायचा नाही. राही पाढे म्हणायची नि गंगुबाई वळायची. पाढ्याचा ठेका सुंभाला बरोबर बसतो, हे तिला दोन दिवसांत कळलं. मग राही थांबली की हीच ओरडायची, "म्हण गो पुढं, माझा पीळ सैल पडतो!" वर्षभरात सतराचा पाढा म्हातारीला राहीच्या आधी पाठ झाला. अंगणात मासे साफ करताना ती तो मांजराला ऐकवायची. भूगोलात जंगबार आलं त्या दिवशी तिने राहीला नकाशा उघडून ठेवायला लावला. बोटाने मांडवी विचारली, मग जंगबार विचारलं, आणि मधल्या निळ्या कागदावर हात फिरवून म्हणाली, "एवढंच? मग का येत नाय मेला?"

राहीने पुस्तक त्या पानावरच उघडं ठेवलं.

राही सहावी पास झाली. गंगुबाईने आळीत साखर वाटली आणि प्रत्येक दारात सांगितलं, "माझी सून पास झाली." सून. लेक म्हणाली असती तर हौसाची आठवण निघाली असती. तरी जिला कळायचं तिला कळलं.

मग ती तुमच्यापुढे आली.

धुवट लुगडं, केसांत अबोलीचा गजरा. तो सासूने माळलेला. तुमचा कारकून शेजारी. तुम्ही विचारलंत, "नवरा काय करतो?"

"दर्यावर असतात."

"कधी येणार?"

"यायचे आहेत."

कारकून फिसकन हसला. "आठ वर्षं यायचाच आहे, साहेब. मांडवीच्या गलबताबरोबर बुडालेला तोच."

"म्हणजे वारला," तुम्ही म्हणालात.

"नाय," राही म्हणाली.

ती तशी बोलली म्हणून तुम्हाला ती मूर्ख वाटली. वेळ पाहून बोलायचं तिला कळलं नाही, असं तुम्ही नंतर कुणाला तरी सांगितलंत. अहो, घरी वाट बघत बसलेल्या म्हातारीचा मुलगा तुमच्या टेबलावर मारायला तिची जीभ उचलली नाही. त्याच्या जिवाची बाब होती, आणि ज्याचा जीव आहे की नाही ठाऊक नाही त्याला 'गेले' म्हणायचं नाही, हे ती अंगठे धरायच्याही आधी शिकली होती.

"वारला नसेल तर त्याची संमती हवी," तुम्ही म्हणालात. "नवरा असलेल्या बाईला त्याच्या संमतीवाचून घेता येत नाही. उद्या येऊन त्याने फिर्याद केली तर?"

"सासू हाय. ती संमती देईल."

"सासू म्हणजे नवरा नव्हे, बाई."

"मग बारा वर्षं पुरी झाली की येऊ?"

"तेव्हा तू तेहेतीस वर्षांची. आम्हांला तिशीच्या आतली हवी." आणि मग तुम्हाला तिची दया आली. तेच जास्त लागतं. तुम्ही पानाला चुना लावता लावता खुर्चीत पुढे झुकलात आणि प्रेमाने म्हणालात, "हे बघ, विधवेला असली काही अट नाही. शास्त्राने सोय करून ठेवली आहे. पुतळा करा, अग्नी द्या. चार वर्षं आधी केलं म्हणून काय बिघडतं? भटजींना मी निरोप देतो. मिरगाआधी ये, जागा ठेवतो. यात अवघड काय आहे?"

राही घरी आली. गंगुबाई दारातच होती.

"काय म्हणाले?"

"जागा भरल्या, आये."

म्हातारीने तिच्याकडे पाहिलं. "खोटं बोलायला सहा यत्ता लागतात काय गो?"

मग राहीने सगळं सांगितलं. गंगुबाई ऐकत वळत राहिली. वळता वळता तिने सुंभाला उलटा पीळ घातला. उभ्या जन्मात तिच्या हातून असं झालं नव्हतं. सगळं सुंभ उकललं आणि नुसता काथ्या मांडीवर पडला. तिने तो गोळा केला, आत गेली आणि जेवायला वाढलं.

दोन दिवस त्या घरात पाढे नव्हते, टोमणे नव्हते. तिसऱ्या दिवशी चुलीपुढे बसल्या बसल्या गंगुबाई म्हणाली, "भटाला बोलाव."

"नाय बोलावणार."

"राही."

"मला नाय व्हायचं नर्स. सुंभ वळीन. पाठ झालेले पाढे कुठं जातात? मांजराला शिकवू."

"गप." गंगुबाईने फुंकणी खाली ठेवली. "म्हैपत जिता असला तर चार पानांनी मरत नाय तो. आणि मेला असला, तर मी वाट बघून त्याला काय उपेग? हौसाला उपेग झाला असता. कुणी एक बाय आली असती तर." चुलीत लाकूड सारून ती म्हणाली, "तिच्या वेळेला कुणी आलं नाय गो. उद्या दुसरी कुणाची हौसा अडली तर तू जा."

राही रडली. गंगुबाई रडली नाही. तिने राहीच्या हातातली काकणं एकदा वर सारली, एकदा खाली आणली. "ही फुटताना मला बघवणार नाय," म्हणाली. "मी डोळे मिटीन तेव्हा."

तुमचा निरोप होता म्हणून भटजींनी बारा वर्षांचा मुद्दा काढला नाही. खाडीच्या कडेला सकाळच्या वेळी सगळं झालं. पळसाची पानं दर्भाने बांधली, हात झाले, पाय झाले, वर नारळ. महिपतचा चुलतभाऊ भिकाजी अग्नी द्यायला उभा राहिला. बायकांनी स्मशानात जायचं नसतं. गंगुबाई गेली. तिला अडवायची कुणाची छाती झाली नाही. तिच्यामागोमाग राहीही गेली.

म्हातारी पुतळ्यापाशी जाऊन उकिडवी बसली आणि बारकाईने बघायला लागली.

"एवढा लहान नव्हता," ती म्हणाली.

"आजी, हे मानायचं असतं," भटजी म्हणाले.

"मानते. पण डोकं वाकडं बसवलंत."

नारळ खरंच एका अंगाला कलला होता. गंगुबाईने तो सरळ करायला हात पुढे केला. तो ढळेल म्हणून दुसरा हात मानेखाली घातला. तान्ह्या पोराला उचलताना घालतात तसा. आणि तो हात तिथंच राहिला.

भटजी थांबले. भिकाजीच्या हातात पेटती चूड.

"काकी, बाजूला व्हा."

"भिकाजी," गंगुबाई अगदी हळू म्हणाली, "ती आग लांब धर. पोराला लागेल."

"काकी, तुमीच तर बोलावलंत आमाला!"

"व्हय. चुकले. जा घरी."

तिने पुतळा उचलला. एक हात मानेखाली, एक हात कमरेखाली. पानं करकरली. उठताना तिचा तोल गेला, तो राहीने सावरला. पोर पदराखाली घेतात तसं म्हातारीने ते पानांचं ओझं पदराखाली घेतलं आणि चालायला लागली.

"आये, घर इकडं," राही म्हणाली.

"घरी कोण जातंय?"

वैशाखाचं ऊन. राहीने आपला पदर काढून म्हातारीच्या डोक्यावर धरला. पुतळ्यावरही आला तर आला. अशा त्या दोघी भर बाजारातून निघाल्या. लोक बाजूला होत होते, विटाळ नको म्हणून. एका दुकानदाराने फळीवरून विचारलं, "गंगुबाय, मढं घेऊन कुठं?"

"मढं तुझ्या तोंडात! पोरगा हाय माझा. साहेबाकडं नेतेय."

ती कुठे आली ते तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्या टेबलावर पान-सुपारीचं तबक होतं, ते तिने कोपराने सारलं आणि महिपतला आडवा ठेवला. तुम्ही "शिव शिव" म्हणत खुर्चीसकट मागे गेलात. कारकून तर दारातून बाहेरच. या वेळी तो हसला नाही.

"हा म्हैपत," गंगुबाई म्हणाली. "तुमाला मेलेला हवा होता. माझ्याच्यान नाय झालं. मी अडाणी, माझा हात मध्ये येतो. तुमी शिकलेले, तुमच्याच्यान होईल. काडी लावा."

तुम्ही खुर्ची आणखी मागे सारलीत.

"लावत नाय? मग त्याला विचारा. समोरच हाय. बायकोला शिकवू काय, म्हणून विचारा. नाय म्हणाला तर मी हिला घेऊन जाते, पुन्हा तोंड दाखवणार नाय."

तुम्ही पुतळ्याकडे पाहिलंत. म्हातारीही पाहत होती, मान जरा वाकडी करून, खरंच ऐकत असल्यासारखी. आतल्या बाजूला कुणी बाई कण्हत होती तेवढाच आवाज.

तो नाही म्हणाला नाही, साहेब.

तुम्ही घसा साफ केलात. "कमिटीपुढे ठेवतो," म्हणालात. शिपायाला हाक मारलीत, हे उचल म्हणून. शिपाई हात लावीना. तुम्ही तर लावणारच नव्हतात. तेव्हा राही पुढे झाली. तिने महिपतला अलगद उचललं, बाहेर पडवीतल्या बाकावर निजवलं, आणि निघालेलं एक पान त्याच्या पोटावर परत खोचलं. आठ वर्षांत नवऱ्याला हात लावायची तिला तेवढीच संधी मिळाली. मग ती त्याच्या पायांशी बसली. गंगुबाई उशाशी.

तिथे त्या अजून बसतात. सकाळी येतात, संध्याकाळी घरी जातात. सुंभ तिथेच वळतात. तुमच्या पडवीत आता सतराचा पाढा चालतो, आत पडलेल्या बायका तो ऐकत असतात. परवा एकीने खिडकीतून राहीला खुणेने बोलावलं, पाणी मागितलं. राही उठली. शिपायाने तिला दारात अडवलं, आत जायची परवानगी नाही म्हणून. पाणी कुणी दिलं ते माहीत नाही. पानं सुकून तपकिरी झाली आहेत. म्हातारी सुकलेली काढते, ताजी खोचते, आणि म्हणते, जरा बाळसं धरलंय.

मिरगाला आता थोडे दिवस उरले. तुम्ही येता, बाकाकडे न बघता आत जाता. राहीला विचारलं तर ती अजून 'यायचे आहेत' असंच म्हणते, आणि तिच्या हातात काकणं आहेत.

तुमच्या नियमात बाईला मोकळं करायला एक प्रेत लागतं. मेलेल्या नवऱ्याची बायको आपल्या मनाने शिकू शकते, हरवलेल्याची नाही, घरी असलेल्याची तर नाहीच. हा नियम तुम्ही कुठल्या मुलीला, कुठल्या बहिणीला डोळ्यांपुढे ठेवून केलात? आणि त्या बाकावर निजलेल्याला तुम्ही आपल्या हाताने जाळणार आहात, की त्याच्या बायकोला आत घेणार आहात? यातलं एक करावंच लागेल. कमिटीचं नाव सांगू नका. 'कळवू' म्हणू नका.

साहेब, उत्तर द्या.